शोदोशिमाहून परतल्यावर

ओसाका,
२० ऑगस्ट २०२५

प्रिय पक्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी परतीच्या बोटीत होतो आणि रेंज येऊन-जाऊन होती. 'घराचं काय ते यंदा गणपतीतच ठरवून टाकू म्हणतायत सगळे.' तुमच्या पालशेतच्या घराबद्दल एवढं एकच वाक्य. त्यानंतर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू पाऊस नि हायवेचे खड्डे यावर घसरलास. मग म्हटलं, लिहावंच. पत्रात तुला मध्येच विषय बदलता येणार नाही.

आमच्या ऑफिसातला तो चश्मिष्ट आठवतो ना, ज्याला तू व्हिडिओ कॉलवर 'जेवलास का' म्हणायला शिकवलंस? शोदोशिमा हे त्याच्या वडिलांचं गाव. १३ ते १६ ऑगस्ट ओबोन असतो. पितर घरी येतात, म्हणून जिवंत माणसंही घरी निघतात. चश्मिष्ट, त्याची बायको, आठ वर्षांची पोर, आईवडील आणि सहावा मी, असे १२ तारखेला पहाटे एका गाडीतून निघालो. हिमेजीच्या धक्क्यावर बोटीसाठी लागलेली गाड्यांची रांग बघून मला गणपतीतला वडखळ नाका आठवला. फक्त हॉर्न नाहीत. आणि भजीही नाहीत, हे मात्र वाईट.

बोट म्हणजे आपल्या दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीची श्रीमंत आत्या. गाडी खाली, माणसं वर, वर एसी आणि गरम उदोन, म्हणजे जाड शेवया. फुकुदा बंदरापर्यंत १ तास ४० मिनिटं. आतला समुद्र असल्यामुळे लाटा अशा नाहीतच, तळ्यासारखं पाणी आणि त्यात जिकडेतिकडे हिरवी टेकाडं. बेट काही अगदी लहान नाही, १५० चौरस किलोमीटरच्या थोडं वर, वस्ती पंचवीसेक हजार. एकेकाळी याच्या दुपटीहून जास्त होती. गाडी गावातून जायला लागल्यावर ते कळतंच. पाच घरांतलं एखादं बंद, कौलांवर वेल चढलेला, पत्रपेटी चिकटपट्टीने बुजवलेली. चश्मिष्टचे वडील प्रत्येक बंद घराशी गाडी हळू करायचे आणि इथे कोण राहायचं ते सांगायचे. नातीने कानात इअरफोन घातले होते.

घरी पोचलो तर आजी (वय वर्षे ९१, पाठीचा पार धनुष्य, आवाज मात्र खणखणीत) पडवीत उभ्या. हो, पडवीच म्हणतो मी, त्यांचा शब्द वेगळा असला तरी. मी चितळ्यांची बाकरवडी नेली होती. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, आत नेली, देवघरासारखं जे कपाट असतं त्यात पितरांपुढे ठेवली आणि छोट्या वाटीसारख्या घंटेवर टोला दिला. टिण्ण. नैवेद्य! मला आपली उगाच काळजी, आजोबांना तिखट लागणार नाही ना. तासाभराने पाकीट फोडलं. आजींना दातांमुळे चावेना, तर त्यांनी ती चहात बुडवून खाल्ली. तुझ्या आईला सांगू नकोस, पण मीही खाऊन पाहिली, वाईट लागत नाही.

त्या कपाटात काळ्या लाखेच्या, सोनेरी अक्षरांच्या उभ्या पाट्या असतात, एकेका पितराच्या नावाची एकेक. घर शिंगोन या बौद्ध पंथाचं. प्रत्येक पाटीवर सगळ्यात वर एक अक्षर होतं ते चिनी नव्हतं. मी वाकून पाहिलं. पक्या, तो 'अ' होता. सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतला, आपल्या अ चा दूरचा चुलतभाऊ म्हण, पण एकदा दिसला की दिसतोच. बाराशे वर्षांपूर्वी कूकाई नावाचा भिक्षू चीनहून ही विद्या घेऊन आला, तेव्हापासून ही अक्षरं इथे मंत्र म्हणून टिकून आहेत. रोज त्याच्यापुढे हात जोडणाऱ्या आजींना ते वाचता येत नव्हतं, तसं वाचायचं असतं असंही कधी वाटलं नव्हतं. मी 'अ' म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, भटजी याला 'अजि' म्हणतात. 'जि' म्हणजे अक्षर, अ हे अक्षर. मी सांगितलं, आमच्याकडे जवळपास असंच तुम्हाला म्हणतात, आजी. झालं! पुढचे चार दिवस शेजारपाजारच्या प्रत्येक म्हातारीला ती गोष्ट ऐकवली गेली आणि प्रत्येकीपुढे मला 'अ' म्हणून दाखवावा लागला. पहिलीतला पोरगा झालो होतो.

घर कुसाकाबेच्या जवळ, म्हणजे सोया सॉसच्या मुलखात. चारशे वर्षांचा धंदा. हवेतच वास असतो. कसा सांगू, आंबोळीचं पीठ चांगलं फुगलेलं, त्यात खारवलेलं काहीतरी आणि किंचित गूळ. कारखान्यात माणूसभर उंचीपेक्षा मोठी देवदाराची पिंपं, बांबूच्या कामट्यांनी आवळलेली, शंभर-दीडशे वर्षांची. भिंती, तुळया, पिंपांच्या कडा, सगळ्यावर राखाडी-काळी पुटं आणि जळमटं. ती कोणी झाडत नाही. तिथेच ते जंतू राहतात, आणि सोया सॉस माणसं नाही, ते करतात. विरजणाचं भांडं न धुता वापरणाऱ्या आपल्या आजीचा हा जोडधंदाच. जपानातला बहुतेक सगळा सोया सॉस आता स्टीलच्या टाक्यांत होतो, लाकडी पिंपांतला जेमतेम शेकड्यात एक. नवी पिंपं बांधणारे कारागीरच संपत आले होते, तेव्हा यामारोकु नावाच्या इथल्या एका घराण्याने २०१२ मध्ये सुतार बरोबर घेऊन स्वतःच पिंप बांधायला शिकायचं ठरवलं. आता दर हिवाळ्यात ठिकठिकाणचे लोक तिथे जमतात नि पिंपं बांधतात.

तिथे आत जायचं तर त्या दिवशी नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, खाल्लेला चालत नाही. नात्तोचे जंतू दांडगे, पिंपातल्या गरिबांना हुसकावून लावतील. दारातच विचारतात. चश्मिष्टच्या लेकीने सकाळी हट्टाने नात्तो-भात खाल्ला होता. सोवळ्यात नसलेल्या माणसासारखी बिचारी बाहेर बाकावर बसली, आणि तिच्या सोबतीला तिचे आजोबा, कारण त्यांनीही चोरून दोन घास खाल्ले होते.

ऑलिव्हच्या बागा, दरीवरचा रोपवे, ओहोटीला उघडणारी वाळूची वाट, हे सगळं पाहिलं. ऑलिव्ह १९०८ साली सरकारने तीन प्रांतांत लावून बघितले, ते इथेच रुजले, म्हणून आता पेनापासून आइसक्रीमपर्यंत सगळ्यावर ऑलिव्ह. फोटो पाठवलेत, बघ. यंदा बेटाबेटांवरचा कला महोत्सवही चालू आहे, त्यामुळे गर्दी. मला त्यापेक्षा त्यांच्या शेवया आवडल्या. सोमेन म्हणतात. तिळाचं तेल लावून ओढत ओढत केसाएवढ्या बारीक करतात आणि काठ्यांवर टांगून वाळवतात. १५९८ साली इसेच्या यात्रेला निघालेला इथला कोणीतरी वाटेत मिवा गावी ही विद्या शिकून आला म्हणतात. बर्फाच्या पाण्यात थंडगार करून, सुकटीच्या पाण्यात बुचकळून खायच्या. सुकट म्हणजे अक्षरशः आपली सुकी मांदेली, तिची चुलत बहीण. मी तीन वाडगे खाल्ले तेव्हा आजी पहिल्यांदा माझ्याकडे आपला माणूस म्हणून बघायला लागल्या असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं.

१४ तारखेला पहाटे आजींनी उठवलं. अजून नीट उजाडलं नव्हतं. बेत्तो नदीच्या पात्रात, पाणी घोट्याएवढं, दगडगोट्यांत चुली मांडून गावातले लोक भात शिजवत होते. भाज्या-बिज्या घातलेला भात, मोठ्या टोपात. त्याला 'कावामेशी' म्हणतात, नदीवरचा भात. धूर, सिकाडा किडे नुकते सुरू झालेले, म्हाताऱ्या बायका खाली वाकून जाळ सारतायत. भात झाल्यावर आजींनी पिशवीतून पानं काढली, कुडाच्या पानाएवढी, चकचकीत. पर्सिमन नावाच्या फळझाडाची. एका दगडावर ओळीने बारा पानं मांडली, प्रत्येकावर मूठभर भात. मला वाटलं प्रसाद. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या मनगटावर हलकेच चापट मारली.

"ते त्यांचं."

त्यांचं म्हणजे कोणाचं, तर ज्यांचं करणारं कोणी उरलं नाही त्यांचं. घरचे पितर घरी जेवतात. ज्यांचं घर बंद, ज्यांची मुलं गेली, ज्यांचं नाव कोणाला आठवत नाही, ते नदीवर येतात. मला सर्वपित्री आठवली, पण आपण सर्वपित्रीलाही आपलेच विसरलेले धरतो ना? इथे सरळ दुसऱ्यांचे. मग आम्ही टोपातला भात खाल्ला. खाल्ला की उन्हाळा बाधत नाही म्हणतात. दगडावरचा तसाच ठेवून आलो. मागे वळून पाहिलं तर कावळा आलाच होता. कावळा सगळीकडे वेळेवर असतो.

त्या संध्याकाळी चश्मिष्टच्या वडिलांनी हामो आणला. आपली वाम रे, तीच. तिचे काटे बारीक आणि बेसुमार, म्हणून कातडी न तुटू देता मांसावर इंचाला वीसच्या वर काप घेतात. जड सुरी, एका तालात सर्र सर्र सर्र आवाज. ते कापत असतानाच, पाठमोरे, हळूच म्हणाले, "थडगं ओसाकाला न्यावं म्हणतो."

याला इथे शब्द आहे, हाकाजिमाई. थडगं आवरणं. आजकाल घरोघरी चाललंय. वरच्या उतारावर खानदानाचं थडगं आहे, गवत माजतं, पाणी न्यायला चढ चढावा लागतो, इथे आजींशिवाय कोणी नाही. कार्यालयाची परवानगी काढायची, भटजी येऊन दगडातला प्राण काढून घेतो (आपली उत्तरपूजा, हुबेहूब), मग तो नुसता दगड. अस्थी शहरातल्या इमारतीत एका कप्प्यात. सगळं बरोबर होतं, पक्या. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. तुझे काका जे म्हणतात तेही बरोबरच आहे. गणपती ठाण्यात आणला तर सगळ्यांना सोयीचं, पालशेतच्या घराचं छप्पर आणखी दोन पावसाळे काढणार नाही, हे मलाही दिसतं.

आजी टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. सोलून संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही हे गेल्या वर्षीपासून बोलताय. गाडीत बोलता, फोनवर बोलता, मी झोपले असं समजून बोलता. मला कोणी विचारलं नाही." सुरी थांबली. "न्यायचं असेल तर न्या. मी नाही म्हणेन असं कशावरून? पण आधी विचारा."

कोणी काही बोललं नाही. पोरीने हळूच एक इअरफोन काढला.

दुसऱ्या दिवशी वडील मला एकट्याला गाडीतून बेटाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे समुद्रकाठी प्रचंड चिरे पडलेत, पाचरींच्या खुणांसकट. १६२० नंतर ओसाकाचा किल्ला नव्याने बांधला तेव्हा इथून दगड गेला. मी राहतो तिथून पायी वीस मिनिटांवरच्या तटबंदीत तो बसलाय. जे काढले, घडवले, पण बोटीत चढलेच नाहीत, ते चारशे वर्षं इथेच आहेत. त्यांना म्हणतात झान्नेन-इशी, अरेरे-दगड. वडील एकावर बसले. सिगारेट सोडलीय असं बायकोला सांगतात, ती पेटवली. म्हणाले, "लहानपणी वाटायचं, बिचारे राहिले. आता वाटतं, गेले त्यांना काय म्हणायचं, त्याला शब्दच नाही." आणि मग लगेच गॅसच्या भावावर बोलायला लागले. तुम्ही सगळे सारखेच.

त्यांनी आजींना विचारलं की नाही, ते मला माहीत नाही. १६ला निघताना आजी आणि ते दोघंच वर थडग्याशी गेले होते, झारी घेऊन. चांगला तासभर लागला. चढ दहा मिनिटांचाही नाही.

तर मला एवढंच विचारायचंय. पालशेतला थोरल्या काकू एकट्या असतात, रोज त्या देवघरात दिवा लावतात. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या नाहीत, कारण त्यांच्याकडे साधा फोन आहे. घराचं, गणपतीचं, त्यांना कोणी विचारलंय का? आडून नाही, सरळ. तू २५ला रात्री निघणार ना, म्हणजे २६ला सकाळी पोचशील. मूर्ती आणायच्या आधी अख्खा दिवस असतो तुझ्याकडे.

बाकी, ऑफिसातला एक जण २३ला मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर सोया सॉसची बाटली पाठवतोय. पिंपातला आहे, दोन वर्षं मुरलेला. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेव, आणि कृपा करून पोह्यात घालू नकोस. तळलेल्या वामेवर दोन थेंब. परत येताना त्याच्याजवळ किलोभर कुळथाचं पीठ दे. आजींना पिठी करून घालायचं कबूल करून बसलोय, आणि इथे मिळत नाही.

तुझाच,
मिल्या