रीबूटनंतर बंद पडणारा मॉनिटरिंग एजंट आणि तरीही हिरवा दिसणारा डॅशबोर्ड

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉनिटरिंग एजंटमधील दोष आणि तिकीट परस्पर बंद केल्याबाबत तक्रार

महोदय/महोदया,

आमच्या लिनक्स सर्व्हरवर आपला नेटवर्क मॉनिटरिंग एजंट, म्हणजे सर्व्हरची स्थिती आपल्या डॅशबोर्डला कळवणारा प्रोग्रॅम, चालतो. म्हणजे, सर्व्हर रीबूट होईपर्यंत चालतो. मागच्या अपडेटपासून प्रत्येक रीबूटनंतर ही सर्व्हिस उठतच नाही, आणि त्याबद्दलचे आमचे तिकीट आपल्याकडून ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून वारंवार बंद केले जाते.

दोष काय आहे ते आम्हीच शोधले, कारण आपल्या सपोर्टने शोधायची तसदी घेतली नाही. एजंट आपली पिड फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी फाइल) ‘/रन’खालच्या स्वतःच्या डिरेक्टरीत लिहितो. ‘/रन’ हे टेम्पएफएस आहे, म्हणजे डिस्कवर नव्हे तर मेमरीत राहते आणि रीबूट झाले की कोरे होते. आपले पॅकेज ही डिरेक्टरी फक्त इन्स्टॉलच्या वेळी एकदा तयार करते. रीबूटनंतर ती नसते, एजंट रूट युजरने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालत नसल्यामुळे त्याला ती बनवता येत नाही, आणि जर्नलमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ एवढे लिहून तो मरतो. सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी सिस्टिमडी त्याला लागोपाठ उठवायचा प्रयत्न करते, १० सेकंदांत ५ वेळा सुरू करण्याची ठरलेली मर्यादा संपली की तीही नाद सोडते. सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणाऱ्या युनिट फाइलमध्ये, दर वेळी सुरू होताना ही डिरेक्टरी बनवून देणारी ‘रनटाइमडिरेक्टरी’ची एक ओळ घातली असती तर हे घडलेच नसते. मूळ युनिट फाइलवर मात करणाऱ्या ओव्हरराइड फाइलमध्ये ती ओळ घालून आम्ही काम चालवले आहे. पण पैसे घेणाऱ्या कंपनीच्या पॅकेजला ठिगळ ग्राहकाने का लावायचे?

सपोर्टची उत्तरे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आधी फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा आहे का ते तपासा म्हणाले. अहो, प्रोसेसच जिवंत नाही, तर पोर्टवर ऐकणार कोण? मग एसईलिनक्स (कोणत्या प्रोसेसला काय करता येईल यावर निर्बंध घालणारी सुरक्षा यंत्रणा) बंद करून पाहा असा सल्ला आला. ऑडिट लॉगमध्ये तिने परवानगी नाकारल्याची एकही नोंद नव्हती आणि तो लॉग आम्ही पाठवलेला होता. शेवटी पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करायला लावले. त्याने डिरेक्टरी पुन्हा बनते, एजंट सुरू होतो, तिकीट बंद होते. पुढच्या रीबूटला पुन्हा तेच.

इथवरचे एक वेळ समजून घेतले असते. खरी तक्रार डॅशबोर्डची आहे. एजंट मेलेला असताना आपला डॅशबोर्ड शेवटची मिळालेली आकडेवारीच दाखवत राहतो, तीही हिरव्या रंगात. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करून सर्व्हर रीबूट केला त्या रात्री प्रोसेसरचा आलेख १२ टक्क्यांवर पट्टीने आखावा तसा सरळ होता. चालत्या सर्व्हरचा आलेख असा कधी नसतो. त्याच वेळी लॉग वगैरे साठवणारे डिस्कचे ‘/व्हार’ विभाजन लॉगांनी भरत होते. ते पूर्ण भरले आणि डेटाबेसचे लिखाण थांबले. हे आम्हाला कळले ते वापरकर्त्यांच्या फोनवरून. माहिती येत नाही आणि सर्व ठीक आहे, या दोन गोष्टींत फरक न करणाऱ्या प्रणालीला मॉनिटरिंग म्हणणे धाडसाचे आहे. एजंटकडून ठरलेल्या वेळेत काहीच आले नाही, तर ती नोंद ‘अज्ञात’ दाखवून अलर्ट जायलाच हवा.

म्हणून आमची मागणी: पॅकेजमधील दोष दुरुस्त करून कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती येणार ते लेखी कळवावे. डॅशबोर्डची ही वागणूक बदलावी. निदान ती बदलेपर्यंत इतर ग्राहकांना तशी स्पष्ट सूचना द्यावी, कारण त्यांच्यातले कित्येक जण आत्ता याच हिरव्या रंगावर विसंबून असतील. आमचे तिकीट पुन्हा उघडून जर्नल वाचता येणाऱ्या अभियंत्याकडे सोपवावे, आणि आमच्या संमतीशिवाय बंद करू नये.

जर्नलमधील नोंदी, युनिट फाइल आणि आलेखाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. लेखी उत्तर येईपर्यंत सदस्यत्वाचे नूतनीकरण आम्ही थांबवत आहोत.

आपला,
सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर
(ग्राहक संस्थेच्या वतीने)