दिवाळीपर्यंतचे बारा आठवडे

ती. आई-बाबांस सा. न.

काही गोष्टी फोनवर नीट सांगताच येत नाहीत. आई मध्येच “बरं बरं, जेवलीस का तू?” म्हणते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र.

आधी जे ठरवलंय ते सांगते, रागावू नका. सोमवारपासून शैलाकाकी रोज सकाळी तासभर येईल. भाजी निवडायची, चिरायची, खोबरं खवायचं, एवढंच तिच्याकडे. दिवाळीपर्यंतचे पैसे मी देऊन आलेय, तेव्हा तिला दारातून परत पाठवू नका. आई, तुझ्या स्वयंपाकात काही कमी आहे म्हणून हे नाही गं. फोडणी तुझीच, वाटपही तुझंच. पण निघायच्या आदल्या दिवशी अळूचे देठ सोलताना तू तीनदा थांबून बोटं चोळलीस, ते मी पाहिलं. हात दुखतात म्हणून भाजी होत नाही आणि भाजी नाही म्हणून पेज, असं चाललंय ना? सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पेज आणि लोणच्याची फोड, रात्री पुन्हा पेज. बाबांचं ताट आठ दिवस तेच होतं. तुझं तर ताटच नव्हतं, टोपात उरेल ते.

बाबा, मिरगात तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले. दादा मस्कतला, त्याचं समजू शकतं. मी तर एका रात्रीच्या अंतरावर. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, त्याने जास्त लागलं. तेव्हापासून जे मिळेल ते वाचतेय.

त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठीच झाल्यासारखी वाटली. बेलफास्टच्या विद्यापीठाने ६५ ते ८५ वयाची, फळं-भाज्या फारशा न खाणारी ८३ माणसं घेतली. निम्म्यांनी आपलं नेहमीचंच खायचं, निम्म्यांनी रोज पाच वाटे फळं-भाज्या खायच्या. १२ आठवड्यांनी सगळ्यांना न्यूमोनियाची लस दिली. पुढच्या चार आठवड्यांत भाज्या खाणाऱ्यांच्या रक्तात त्या लसीची प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी द्रव्यं, जास्त तयार झाली. हा निकाल २०१२ मध्ये छापून आला. धनुर्वाताच्या लसीत मात्र तसा फरक दिसला नाही, तेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी सोयीचं तेवढंच सांगते. तुमच्या न्यूमोनियाच्या लसीची तारीख डॉक्टरांनी दिवाळीतली दिलीय आणि आजपासून दिवाळी बरोबर बारा आठवड्यांवर आहे. आता कळलं ना मी एवढी मागे का लागलेय?

पाच वाटे म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळं सांगितलीत. एकदम नाही जमणार, पोट फुगेल. निम्म्याने सुरू करा. आपल्या प्रतिकारशक्तीचा मोठा भाग आतड्याच्या भोवती असतो. भाजी-कडधान्यांतला चोथा तिथले जंतू खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी द्रव्यं तयार होतात. पेजेत तो चोथा जवळजवळ नाहीच. अळू, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांतून अ जीवनसत्त्व मिळतं, ते घशापासून फुप्फुसापर्यंतचं अस्तर धड ठेवतं. यातलं काय विकत आणायचंय सांगा? शेवगा विहिरीपाशी उभाच आहे. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर पाल्याची भाजी होतेच, ती एवढी एकाच दिवसापुरती का ठेवायची?

मासे सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. श्रावण संपला की बांगडा घरात आलाच पाहिजे, बी-१२ झाडपाल्यातून मिळत नाही. तोपर्यंत दूध-दही चुकवू नका.

आणि बाबा, मटकीचं काम तुमचं. मी लहान असताना तुम्ही पुरचुंडी देवळीजवळच्या खिळ्याला टांगायचात आणि सकाळी मला कडेवर घेऊन दाखवायचात, “बघ बाय, शेपट्या फुटल्या.” मी मोजायची, तुम्ही उगीच चुकवायचात. मोड आले की जस्त आणि लोह अंगाला जास्त लागतं, वर लिंबू पिळलं की लोह आणखी. दातांची काळजी करू नका, उसळ मऊ शिजवून अर्धी चेचायची. लिंबू मात्र ताटात पिळायचं, उकळत्यात घालून क जीवनसत्त्व घालवायचं नाही. पिकलेला पेरू चमच्याने खा, त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं.

रक्तदाबाची गोळी याने बंद होणार नाही. ताप आला किंवा दम लागला तर काढा करत बसायचं नाही, त्याच तासाला डॉक्टरांकडे जायचं आणि मला कळवायचं. रात्री दोन वाजले तरी.

आई, तू बाबांच्या बरोबरच बसायचंस. वेगळं ताट घेऊन. निळी थाळी मी फडताळातून काढून ओट्यावर ठेवलीय, ती तुझी.

मटकी आज रात्रीच भिजत घाला. उद्या पुरचुंडी बांधाल, परवा सकाळी शेपट्यांचा फोटो पाठवा. मी मोजीन.

तुमची,
बाय