जेलची बाटली काखेत धरणाऱ्या डॉक्टरमॅडमना

डॉक्टरमॅडम,

त्या दिवशी तुमच्यासमोर तोंडातून धड एक शब्द फुटला नाही माझ्या, म्हणून हे पत्र, आणि ते असं सगळ्यांदेखत. ऑपरेशनचे टाके निघून दोन महिने झाले, आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या पाठीवर लव यायला लागलीये, तरी तो दिवस आठवला की घसा दाटतोच.

तुम्हाला सगळं माहितीये, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बंड्या 8 वर्षांचा. वर्षभर त्याचे केस जात होते, तेही दोन्ही बाजूंनी सारखेच, कोणी मापं घेऊन भादरावं तसे. स्तनाग्रं सुजलेली, बाकीचे कुत्रे त्याच्या मागे मागे, आणि आयुष्यभर खांब दिसला की पाय वर करणारा आमचा गडी मादीसारखा खाली बसून मुतायला लागला. लोक हसायचे. मीपण हसलो एकदोनदा, ते आता टोचतं. तीन डॉक्टर झाले. एकाने शाम्पू दिला, दुसऱ्याने अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, तिसऱ्याने तर टेबलापलीकडूनच बघून थायरॉइडच्या गोळ्या लिहिल्या. अहो पण तो खाजवतच नव्हता! खाज नाही आणि म्हणे अ‍ॅलर्जी. आणि तिघांपैकी एकानेही त्याच्या मागच्या पायांमध्ये हात घालून मोजलं नाही. एक, दोन. एवढीच मोजणी होती हो, आणि ती एकावरच थांबली असती.

तुम्ही मोजलंत आणि विचारलंत, "दुसरं टेस्टिकल कुठाय?"

मी म्हटलं लहानपणापासून एकच वृषण आहे, तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं उतरेल हळूहळू, मग आम्ही विसरूनच गेलो. हे बोलताना मी बोलणी खायच्या तयारीत होतो. पिल्लू 2 महिन्यांचं होईपर्यंत ते खाली यायला हवं, 6 महिन्यांनंतर वाट बघण्यात अर्थ नसतो आणि पोटात अडकून राहिलेल्यात गाठ होण्याचा धोका कित्येक पट जास्त, हे सगळं मला नंतर कळलं, पण तुम्हाला तर त्या क्षणीच माहीत होतं ना. तरी तुम्ही "इतकी वर्षं काय करत होतात" असं म्हणाला नाहीत. "बरं, शोधू" म्हणालात.

आता त्या बाटलीबद्दल. मी हिस्टरी सांगत होतो आणि तुम्ही सोनोग्राफीच्या जेलची बाटली काखेत दाबून ऐकत उभ्या होतात. मला वाटलं विसरल्यात, ठेवायला जागा नाही वाटतं. पोटावरचे केस काढून झाले, बंड्या त्या खोलगट गादीत उताणा, चारही पाय ताठ, मी त्याचं डोकं धरलेलं, आणि तुम्ही बाटली काढलीत, थेंबभर जेल आधी स्वतःच्या मनगटावर घेतलंत, बाळाचं दूध बघतात ना तसं, आणि म्हणालात, "गार लागलं की दचकतात बिचारे." मग पोटावर लावलंत. तो दचकला नाही. एक उसासा टाकला आणि मागचे पाय सैल सोडले त्याने. वर्षभरात डॉक्टरांच्या टेबलावर तो पहिल्यांदा सैल पडला होता, आणि मला मात्र भिंतीकडे तोंड करावं लागलं.

पुढचं मी डोळे पुसत पुसत बघितलं. वृषण पिल्लाच्या जन्माआधी किडनीच्या मागे असतं, तिथून खाली उतरतं, वाटेत कुठेही अडकू शकतं, म्हणून सोनोग्राफीचा प्रोब त्याच वाटेने जांघेपर्यंत न्यायचा, हे तुम्ही मला सांगत होतात की बंड्याला, कोण जाणे. ब्लॅडरजवळ ती सापडली, 6 सेंटिमीटरची गाठ. मग खाली असलेलं दाखवलंत, त्याच्या मधोमध पांढरी रेघ, निरोगी वृषणात ती अशी दिसते म्हणालात, फक्त ते बिचारं आक्रसून गेलेलं, कारण वरची गाठ इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं हार्मोन, तयार करत होती. गाठीत ती रेघ नव्हतीच, नुसता करडा काळा गोंधळ. स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलंत म्हणून मलासुद्धा फरक दिसला. प्रोस्टेट, लिव्हर, कमरेखालच्या लिम्फ नोड्स, सगळं घाई न करता बघितलंत. कॅन्सर आहे का विचारलं तर खोटा धीर दिला नाहीत की घाबरवलंही नाहीत, म्हणालात सोनोग्राफीत गाठ दिसते, तिचं नाव बायोप्सीच सांगते. छातीचे तीन बाजूंनी एक्सरे आणि आधी रक्त तपासा, हे इस्ट्रोजेन बोनमॅरोलाच, म्हणजे रक्त बनवणाऱ्या हाडातल्या मगजालाच मारतं, हेही तुम्हीच बजावलंत. प्लेटलेट्स घसरायला लागल्याच होत्या. अजून एक शाम्पू ट्राय केला असता तर काय झालं असतं, हा विचार मी रात्री करत नाही आता, म्हणजे कमी करतो.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला, सर्टोली सेल ट्यूमर, म्हणजे वृषणातल्याच एका प्रकारच्या पेशींची गाठ. बहुतेक वेळा पसरत नाही, आणि आमच्या एक्सरेतही काही नव्हतं.

हुशार डॉक्टर खूप असतील हो, ते तिघंही अडाणी नव्हते. पण मला वाटतं ज्या माणसाला बाटली गार आहे हे सुचतं त्यालाच मोजायचंही सुचतं. मी स्वतः कितीदा लोकांना उभ्या उभ्या उत्तरं देऊन वाटेला लावतो, ते त्या दिवसापासून जरा डोक्यात येतं.

बाकी खबर अशी की काल सकाळी बंड्याने गेटच्या खांबाशी पाय वर केला. वर्षभराची सवय गेलेली, तोल जाऊन पडता पडता वाचला, मग आजूबाजूला कोणी बघितलं का ते बघितलं. आई गॅलरीतून टाळ्या वाजवत होती.

पुढच्या महिन्यात तपासणीला आणतोय. या वेळी बाटली माझ्याकडे द्या, मी धरतो काखेत.

तुमचा,
बंड्याचा बाबा