बाबा, स्कॅगवेची गाडी चुकवायची नाही

ती. बाबा आणि ती. आई यांना,

साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितले असते तर बाबांनी "बघू" म्हणून विषय बदलला असता आणि आईने पहिल्यांदा खर्चाचा आकडा विचारला असता, म्हणून मुद्दाम सविस्तर पत्र लिहीत आहे. येत्या जूनमध्ये तुम्ही दोघे माझ्याकडे सिॲटलला याल, तेव्हा आपण सगळे सात रात्रींच्या क्रूझने अलास्काला जाणार आहोत. खोल्यांचे आरक्षण झाले आहे आणि पैसेही भरले आहेत. तुम्हाला न विचारता ठरवले, याची बोच मनाला आहे. पण विचारले असते तर काय उत्तर आले असते, ते मला पाठ आहे.

आजवर तुम्ही तीनदा इथे आलात आणि तिन्ही वेळा माझ्या गरजेला धावून आलात. आईने सहा-सहा महिने माझे स्वयंपाकघर सांभाळले, बाबांनी पावसात बाबागाडी ढकलत वाचनालयाच्या फेऱ्या मारल्या, आणि ज्या धक्क्यावरून उन्हाळाभर अलास्काची जहाजे सुटतात, तो घरापासून अर्ध्या तासावर असूनही मी तुम्हाला कधी तिथवर नेले नाही. तिसऱ्या खेपेला विमानतळावर आत जाता जाता आई जे बोलली, ते तिच्या लक्षातही नसेल. माझ्या मनातून ते गेलेले नाही.

बाबा, रागावू नका, पण मी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी परस्पर बोलले. अँजिओप्लास्टीला आता दीड वर्ष झाले, तपासण्या ठीक आहेत, तेव्हा चढाचे चालणे टाळून आणि औषधांच्या वेळा सांभाळून जायला त्यांची हरकत नाही. जहाजावर डॉक्टर आणि परिचारिका असतात, आणि जुन्या आजारांसकट सगळे धरणारा विमा मी उतरवला आहे. विमानतळावर तुमच्यासाठी चाकांची खुर्ची सांगितली आहे. तुम्हाला चालता येत नाही म्हणून ती सांगितलेली नाही. तिथल्या रांगांमध्ये दीड-दीड तास उभे राहावे लागते आणि तुमची ताकद मला पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवायची आहे.

या प्रवासाचा मी वर्षभर विचार केला, आणि तुमच्यासाठी हाच का निवडला तेही सांगते. इतर सहलींत रोज सामान बांधा, रोज नव्या हॉटेलात उतरा, बसमध्ये चढा-उतरा, हे आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. इथे कपडे एकदाच कपाटात लावायचे आणि डोंगर, बर्फ, प्राणी हे सगळे आपल्या खिडकीपाशी येते. जाताना आणि येताना एकेक दिवस जहाज उघड्या समुद्रातून जाते, तेव्हा थोडे हेलकावे जाणवतील. म्हणून तुमची खोली मुद्दाम जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली आहे, कारण तिथे ते सर्वांत कमी असतात. एकदा बेटांच्या आतल्या वाटेला लागलो की पाणी बहुतेक वेळ शांत असते. खोलीला बाल्कनी आहे, लिफ्ट जवळ आहे, आणि आम्ही शेजारच्याच खोलीत आहोत. रात्री दहापर्यंत उजेड असेल, पण पडदे जाड असतात, त्यामुळे बाबांची झोप मोडणार नाही. शाकाहारी भारतीय जेवण आधीच सांगून ठेवले आहे. रोज पोळी मिळेलच असे नाही, पण वरण-भात आणि दही यांना तोटा पडणार नाही.

ज्या दिवसाची मी सर्वांत जास्त वाट पाहत आहे, तो ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीचा. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसे तिथे पोहोचली, तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १९१६ पर्यंत ती शंभरेक किलोमीटर मागे सरली आणि जिथे केवळ बर्फ होता तिथे समुद्र आत आला. त्याआधी तोच बर्फ पुढे सरकत आला होता आणि तिथल्या हुना त्लिंगिट लोकांना आपले गाव सोडून जावे लागले होते. आज तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना परवानगी असते, आणि राष्ट्रीय उद्यानाचे वनरक्षक छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात व दिवसभर माहिती सांगतात. शेवटी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबते. तिचा कडा पाण्यावर सुमारे २५० फूट उंच आहे. कडा कोसळताना जो गडगडाट होतो, त्याला त्लिंगिट लोक 'पांढरी गर्जना' म्हणतात.

आई, कुर्डुवाडीच्या उन्हाळ्यात बाबा गोणपाटात भुसा घालून सायकलवर बर्फाची लादी आणायचे आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मी वाटेतच ठिबकलेली असायची. उरलेली तू फोडून पन्ह्यात घालायचीस आणि सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या तळहातावर ठेवायचीस, हात बधिर झाला तरी मी तो सोडत नसे. त्या खाडीत असे निळसर तुकडे पाण्यावर तरंगत बाल्कनीखालून जातील, तेव्हा मला तुझ्या शेजारी बसायचे आहे.

तिथे हंपबॅक व्हेल दिसण्याचीही बरीच शक्यता आहे. हिवाळ्यात त्या हवाईच्या उबदार समुद्रात पिलांना जन्म देतात. तिथे त्यांना खायला जवळपास काहीच नसते, तरी माद्या अंगावर साठवलेल्या चरबीवर पिलांना दूध पाजतात आणि मग हजारो किलोमीटर पोहून, पिलांना बरोबर घेऊन, अलास्काला पोट भरायला येतात. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तूच आठवलीस.

आणि बाबा, आता तुमची गोष्ट. स्कॅगवे गावातून व्हाइट पासची आगगाडी निघते, तीही नॅरोगेज. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा, १८९८ ते १९०० या काळात, कडे फोडून तो मार्ग बांधला; म्हणजे तुमची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी तिथे काम लागले. रुळांमधले अंतर आपले अडीच फुटांचे, त्यांचे तीन फुटांचे. वीस मैलांत ती गाडी जवळपास ३,००० फूट चढते. डबे जहाजाच्या धक्क्यापर्यंत येतात, त्यामुळे चालणे फारसे नाही. वर्कशॉपमधली तुमची इतकी वर्षे ज्या चाकांवर गेली, त्यांची शेवटची गाडी बंद झाली त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता. ही गाडी अजून चालते आहे, आणि घाटातल्या वळणावर तुम्ही खिडकीशी बसून मला सगळे समजावून सांगायचे आहे, जसे लहानपणी सांगत होता.

आई, वटपौर्णिमा त्याच आठवड्यात येते, हे मला माहीत आहे. पूजेचे चित्र आणि सुताची गुंडी बरोबर घे. उपवासाला जहाजावर फळे आणि दूध मुबलक असते.

आता मी सांगते तसेच करायचे. परतीच्या वाटेवर जहाज व्हिक्टोरियाला थांबते आणि ते कॅनडात आहे, म्हणून अमेरिकेचा व्हिसा असला तरी कॅनडाचा वेगळा काढावा लागेल. अर्ज मी भरते, बोटांचे ठसे द्यायला दादा तुम्हाला मुंबईला नेईल. औषधे मोठ्या बॅगेत मुळीच टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठीही त्यांच्यासोबतच हवी. जहाज लागू नये म्हणून कोणतीही गोळी परस्पर घ्यायची नाही, आधी डॉक्टरांना विचारायचे. तिकडे जूनमध्ये दिवसा दहा-पंधरा अंश असतात आणि हिमनदीजवळ वारा बोचरा असतो. वाटेतल्या केचिकन गावी तर वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो, म्हणून रेनकोट मी इथेच घेऊन ठेवते. तुम्ही फक्त कानटोप्या आणि आईचा तो मरून स्वेटर आणा.

खर्चाबद्दल एकच लिहिते. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बाबांनी फंडातून काय काढले होते, ते मला दादाने नंतर सांगितले. त्यामुळे या वेळी आकडा विचारू नका.

शनिवारी फोन करीन, तेव्हा दोन्ही पासपोर्टच्या मुदतीच्या तारखा वाचून दाखवा.

तुमची,
लाडकी लेक

ता. क. आई, पाणी तापवायची कॉइल सामानात घालू नकोस, जहाजावर ती काढून घेतात. तुझा पहाटेचा चहा मी स्वतः खोलीत आणून देईन.