काजळी घातलेलं रबर उजेडात हलतं, हे मराठीत कोण सांगणार?

मा. संपादक साहेब,

अंधेरी एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या युनिटमध्ये मी 22 वर्षं काढली म्हणून हे लिहितोय. नवा मोबाईल आला की पेपरात अर्धं पान येतं, पण मटेरियल सायन्सवर मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

2005 साली केंब्रिजच्या संशोधकांनी रबरात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालून दाखवलं की इन्फ्रारेड उजेड पडला की पट्टी हलते, थोडी ताणलेली असेल तर लांब होते आणि जास्त ताणलेली असेल तर आखडते, ना मोटर ना वायर! कार्बन उजेड शोषून गरम होतो आणि ती गरमी पॉलिमरला, म्हणजे लांब रेणू-साखळ्यांच्या त्या रबराला मिळते.

खरी मारामारी आहे ती गुठळ्यांची. मिलवर, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावर, कार्बन ब्लॅक (काजळीची पूड) नीट मिसळला नाही तर पट्टी कापल्यावर कडेला खसखशीएवढा ठिपका दिसतो आणि माल तिथूनच फाटतो, हे मी कितीदा बघितलंय. नॅनोट्यूब आणि ग्राफिन (कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा) तर एकमेकांना अजूनच चिकटून बसतात, म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर पॉलिमरच्या साखळ्या उगवतात, अंगावर लव असते ना तशा, मग ते पॉलिमरमध्ये नीट पसरतात. साखळ्या धरण्यासाठी पृष्ठभाग आधी ॲसिडने तयार करतात, ते ॲसिड जास्त झालं तर नॅनोट्यूबच खराब होते, म्हणजे हातही बेताचाच लागतो.

माटुंग्याला आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था), पवईला आयआयटी, दोन्ही आपल्याच मुंबईत. तिथल्या प्राध्यापकांकडून महिन्याला एक तरी लेख मराठीत मागवा ना, आमच्या मिलवरची पोरं नक्की वाचतील.

– एक वाचक, अंधेरी (पूर्व)