बंदुकीनंतर तिथे कोण जाणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहशतवाद लष्करानेच ठेचावा, असे एक पत्र आणि आधी त्याची कारणे दूर करा, असे दुसरे पत्र आपल्या सदरात वाचले. दोन्ही पत्रलेखकांची तळमळ खरी आहे. पण ही कारणे कोणाच्या हातातली आहेत, हे दोघांनीही विचारलेले नाही. माझ्या मते उत्तर तिथूनच बदलते.

पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांचे जीव गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. अशा मारेकऱ्यांना पोसणारी यंत्रणा सीमेपलीकडे आहे. तिथल्या शाळा सुधारणे, तिथल्या लष्कराला वठणीवर आणणे आपल्या हातात नाही. म्हणून त्यानंतरची ७ मेची लष्करी कारवाई, ऑपरेशन सिंदूर, मला योग्य वाटली आणि आजही वाटते. तरीही बळ म्हणजे फक्त विमाने आणि क्षेपणास्त्रे नव्हेत. २६/११ च्या रात्री तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी प्राण देऊन कसाबला धरून ठेवले. तो जिवंत सापडला म्हणूनच कट कुठे शिजला हे जगासमोर आले. खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. तेव्हा केंद्रीय गृहमंत्री आपल्या सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे होते.

गडचिरोलीचे मात्र वेगळे आहे. तिथली कारणे आपल्याच सरकारच्या, आपल्याच माणसांच्या हातातली होती. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या हजारो बायका विड्या वळून घर चालवतात. त्या विडीचे तेंदूपान ज्या जंगलांतून येते, तिथे १९८० च्या सुमारास नक्षलवादी शिरले आणि त्यांनी आधी हात घातला तो पानाच्या दरालाच. ठेकेदार पुड्यामागे देईल ते घ्यायचे, वनरक्षकाने कोंबडी मागितली तर द्यायची, सरपण आणले म्हणून दंड भरायचा, अशी तिथल्या आदिवासींची गत होती. दर वाढवून देणारा बंदूकवाला त्यांना आपला वाटला. पुढे त्याच बंदूकवाल्यांनी खबऱ्या ठरवून गावकऱ्यांचे गळे चिरले, रस्ते आणि शाळा होऊ दिल्या नाहीत. १ मे २०१९ ला जांभूळखेड्यात सुरुंग लावून १५ पोलिसांचा बळी घेतला. त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

पण ती चळवळ खिळखिळी कशी झाली, तेही पाहावे. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकात तिथलेच तरुण होते. गोंडी बोलणारे, पायवाटा ठाऊक असलेले. त्यांनी जीव धोक्यात घातला नसता तर पुढचे काहीच झाले नसते. पुढे २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि दोन वर्षांनी आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. नंतर कितीतरी ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्या दरासाठी लोक बंदुकीकडे बघत होते, तो दर आता गावच्या सभेत ठरू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवून आला, त्यामागे पोलिसांचा दबाव होता, तसेच गावांनी फिरवलेली पाठही होती.

नुसत्या बळाने काय होते, ते मिझोरामने दाखवले आहे. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडखोरांना मोडण्यासाठी ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बाँब टाकले. शांतता आली ती १९८६ च्या करारानंतर, म्हणजे वीस वर्षांनी.

आता माझे खरे म्हणणे. कर्मचाऱ्याने कुठे गैरप्रकार केला की 'पाठवा त्याला गडचिरोलीला' ही धमकी आपल्या सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे दिली जाते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, स्टाफरूममध्ये हे वाक्य हसत हसत बोलले जायचे. जो तलाठी, जो शिक्षक, जो डॉक्टर इथे नकोसा झाला, तो सर्वांत दुखावलेल्या माणसांच्या दारात उभा करायचा आणि वर म्हणायचे, आदिवासींचा सरकारवर विश्वास नाही! पोलिसांनी रक्त सांडून मोकळ्या केलेल्या गावात सरकार म्हणून पहिला जो माणूस पोचतो, तो शिक्षा भोगायला आलेला असेल, तर त्या रक्ताचे मोल आपण काय केले?

तिथे काम करणाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार मिळतो, तो राहू द्या. पण शिक्षेची बदली म्हणून त्या जिल्ह्याकडे पाहणे शासनाने लेखी आदेश काढून बंद करावे. स्वतःहून जायला तयार असलेल्या तरुणांना आधी पाठवावे, ठरलेल्या मुदतीनंतर त्यांना हवे ते ठिकाण द्यावे. सोलापूर जिल्ह्यातल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न विचारावा, अशी माझी त्यांना आपल्या पत्रातून जाहीर विनंती आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर