साधन देण्याआधी त्याचा त्रासही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ जुलैच्या जागतिक लोकसंख्या दिनापासून दरवर्षी पंधरवडा पाळला जातो, आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण नव्याने रंगवला जातो आणि कुटुंब कल्याण शस्त्रक्रियांचे आकडे आपल्या दैनिकातही छापून येतात. यवतमाळ जिल्ह्यातील उपकेंद्रांमध्ये २९ वर्षे आरोग्यसेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. मला मात्र या आकड्यांत न दिसणाऱ्या एका गोष्टीची काळजी वाटते. पाळणा लांबवण्याची साधने आज खेड्यापर्यंत पोहोचली आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. परंतु कोणत्या साधनाने शरीरात काय फरक पडेल हे बाईला आधी कोणी समोर बसवून सांगत नाही, त्यामुळे पहिल्याच त्रासाला ती ते सोडून देते आणि तिचे पाहून शेजारच्या चारजणीही सोडतात.

२०१७ साली सरकारी कार्यक्रमात आलेल्या ‘अंतरा’ इंजेक्शनचेच घ्या. ते दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावर चालते आणि घरात गोळ्यांचे पाकीट लपवून ठेवण्याची वेळ येत नाही. मात्र ते घेतल्यावर पाळी अनियमित होते, थोडे थोडे अंगावरून जाते आणि पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते. हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे, तो आजार नव्हे. कापूस वेचणीच्या दिवसांत एक तरुण सून दुसरे इंजेक्शन चुकवून बसली होती, म्हणून मी तिच्या घरी गेले, तेव्हा ओसरीवरूनच तिची सासू म्हणाली, “शिस्टर, पाळी येतच नाई तिले, रक्त आतच साचून रायते.” रक्त आत साचत नाही, गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते म्हणून पाळी येत नाही, हे मी त्या दोघींना तेव्हा समजावले, पण पहिल्या इंजेक्शनच्या वेळी हे सांगायला मीच विसरले होते, याची खंत मला आजही आहे. इंजेक्शन थांबवल्यावर पुन्हा दिवस जाण्यास साधारण सात ते दहा महिने लागतात, हेही आधीच सांगितले पाहिजे, नाहीतर ‘कूस बंद झाली’ अशी आवई गावभर उठते.

गर्भाशयात बसवायच्या तांबीबद्दलची भीती याहून जुनी आहे. “हे वर चढते अन् काळजाले लागते म्हनते माही सासू,” असे मला किती जणींनी विचारले असेल, याची गणती नाही. मी पिशवीत नमुन्याची तांबी ठेवत असे. ती तळहातावर ठेवली की इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, बोटाच्या दोन पेरांपेक्षा थोडी लहान, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली ती वस्तू आणि तिचा दोरा पाहूनच निम्मी भीती जाई. ती गर्भाशयातच राहते. एक प्रकार पाच वर्षे आणि दुसरा दहा वर्षे चालतो, आणि हवी तेव्हा ती काढता येते. पहिल्या काही महिन्यांत पाळीला रक्त जास्त जाते व पोटात कळ येते, म्हणून आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे हिमोग्लोबिन तपासूनच निर्णय घ्यावा. आपल्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. अशा बाईने कोणतेही साधन निवडण्यापूर्वी आपले कार्ड डॉक्टरांना दाखवावे.

माझ्या भाचीला बाळंतपणानंतर एका रुग्णालयात तांबी बसवली गेली आणि ती बसवल्याचे तिला दीड महिन्याने, रक्तस्राव थांबेना म्हणून तपासणीला गेल्यावर कळले. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते आणि ती पद्धत चांगलीही आहे, पण न विचारता बसवलेल्या तांबीने तिचा आणि तिच्या दोन्ही जावांचा दवाखान्यावरचा विश्वास गेला.

गोळ्यांचेही असेच आहे. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच घ्यायची. ‘माला-एन’ रोज घ्यायची, मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते, ती नेहमीच्या साधनाची जागा घेऊ शकत नाही. निरोध हे एकच साधन गर्भधारणेबरोबर एचआयव्हीपासूनही बचाव करते.

पुरुषांविषयी मात्र मला अधिक लिहावेसे वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी केवळ ०.३ टक्के होती. बिनटाक्याची पुरुष नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही “मंग वखर कोन हाकन?” हा प्रश्न प्रत्येक पारावर ऐकू येतो. आणीबाणीतल्या सक्तीची आठवण जुन्या माणसांच्या मनात आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच त्यांना दटावण्याऐवजी सांगावे लागते की, या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या नळ्या बंद होतात, ताकद आणि पुरुषत्व जसेच्या तसे राहते. तिचा परिणाम लगेच होत नाही. तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. हे न सांगितल्याने दिवस गेले आणि नवऱ्याने बायकोवर संशय घेतला, असे घर मी पाहिले आहे.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, येत्या पंधरवड्यात शस्त्रक्रियांच्या आकड्यांशेजारी रोज एका साधनाची माहिती, त्याच्या त्रासासकट, सोप्या मराठीत छापावी. गावागावांत आशाताई ते कात्रण सासू-सुनांना वाचून दाखवतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. यवतमाळ